पिवळा किल्ला, काळा कातळ

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला जैसलमेरचा किल्ला पहिल्या नजरेत किल्ला वाटतच नाही. गड म्हटला की आपल्याला काळा कातळ, छातीवरची चढण आणि शेवाळलेल्या पायऱ्या आठवतात. इथे पिवळाधमक दगड, आणि डोंगर म्हणावा तर शंभर मीटरही उंच नाही. पण रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसे राहतात. हा फरक समजून घ्यायचा तर आधी दगड पाहावा.

जैसलमेरचा दगड गाळाचा. ज्युरासिक काळात इथे उथळ समुद्र होता. वाळू, चुना, चिखल थरावर थर साचले आणि दाबाने घट्ट झाले. शहराजवळच्या अकल गावी सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे बुंधे दगड होऊन पडलेले आहेत. आपला बेसॉल्ट आगीतला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले आणि थिजले. कठीण थराचे कडे झाले. मधले सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून माच्या झाल्या.

त्यामुळे किल्ला बांधणाऱ्याचे कामच बदलले. सह्याद्रीत निम्मा किल्ला निसर्गानेच करून ठेवलेला. जिथे कडा तुटतो तिथे तटबंदी घालायची आणि वाट अडवायची. दौलताबादला तर डोंगराची बाजू तासूनच भिंत केली. जैसलमेरला उंचीची साथ नाही, म्हणून ९९ बुरुजांची तटबंदी उभारावी लागली. दगड मात्र छिन्नीला वश होणारा. चिरे नेमके घडवून, बराचसा चुना न वापरता, एकमेकांत बसवले. पटव्यांच्या हवेलीवरची जाळी त्याच दगडाची. बेसॉल्ट छिन्नी बोथट करतो. तरीही आपल्या पाथरवटांनी वेरूळचे कैलास त्यातूनच काढले.

पाण्याचेही तसेच. अखंड बेसॉल्टमध्ये खोदलेल्या टाक्यात पाणी टिकते, म्हणून गडावर शिबंदी उन्हाळा काढू शके. जैसलमेरने चौदाव्या शतकात किल्ल्याबाहेर गडीसर तलाव बांधला. तिथून पाणी डोक्यावरून वर यायचे, म्हणून थेंब थेंब जपून वापरला जाई.

नळ आले आणि हे गणित उलटले. सांडपाणी डोंगरात मुरू लागले. दगडाच्या थरांमधली माती भिजली की फुगते, सरकते, आणि वरचे वजन पेलत नाही. काही बुरूज असेच ढासळले. शतकानुशतके वेढे आणि दुष्काळ सोसलेल्या किल्ल्याला आज धोका आहे तो पाण्याचा. २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागले, तरी मुरणारे पाणी थांबलेले नाही.

काळा कातळ श्रेष्ठ, असा निष्कर्ष मात्र काढू नये. रायगडाचा कडा अभेद्यच होता. तरी १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी वरच्या इमारती पेटल्या आणि गड द्यावा लागला. कडा शत्रूला चढू देत नाही, पण आकाशातून येणारा गोळा त्याला अडवता येत नाही. प्रत्येक दगडाची ताकद आणि उणीव वेगळी. मोर्चा खोदणाऱ्या जवानाला हे कुदळीच्या पहिल्या घावालाच कळते.

सुट्टीत घरच्यांना जैसलमेर दाखवायला न्याल तेव्हा किल्ला अवश्य पाहा, पण मुक्काम खालच्या गावात करा. वर सांडलेली प्रत्येक बादली त्या डोंगराच्या पोटात उतरते.