पॅड नवे, डिस्क नवी, मग ब्रेक का लागत नाही? इतिहासातल्या ‘कारणा’बद्दल थोडंसं

माझा पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी सांगतो, ‘मुंबईच्या उपनगरांतल्या मोटार दुरुस्तीचा इतिहास’. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यात इतिहास कुठे आला? आज त्याचंच उत्तर देतो, आमच्याच घरातल्या गाडीच्या उदाहरणावरून. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातून ‘कारण’ कसं शोधायचं याचा थोडा अंदाज येईल.

माझे बाबा बरीच वर्षं काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे. आता घरी एक जुनी हॅचबॅक आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी तिचे पुढचे ब्रेक पॅड आणि दोन्ही डिस्क बदलून घेतल्या. पुस्तकात ज्याला रोटर म्हणतात त्याला गॅरेजमध्ये डिस्कच म्हणतात. दोन दिवसांनी ठाण्याहून घोडबंदर रोडने मीरा रोडला येताना गायमुखच्या उतारावर पुढे ट्रेलर थांबला. बाबांनी पाय दाबला. गाडी थांबली, पण ट्रेलरच्या अगदी जवळ जाऊन. घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला: “डुप्लिकेट पॅड टाकलेत.”

मलाही ते पटलं. पॅड बदलले, ब्रेक बिघडला, म्हणजे पॅड खराब. सरळ हिशोब आहे. आणि इथेच आपण सगळे फसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही काशीमिऱ्याला, ज्यांच्या मुलाखती मी प्रबंधासाठी घेत होतो त्या मिस्त्रींकडे गेलो. गाडी टो करून नेली. ब्रेकबद्दल शंका असेल तर चालवत नेऊ नका, हे आधीच सांगून ठेवतो. मिस्त्रींनी चाक खोललं नाही की पॅड बघितले नाहीत. त्यांनी बाबांना विचारलं, “दादा, पॅड बदलायला का गेला होता?”

बाबा जरा थांबले. “ब्रेक कमी लागतोय असं वाटत होतं म्हणून.”

“म्हणजे आजार आधीचाच आहे. औषध नवीन आहे.”

आता थोडा इतिहास, कारण मिस्त्रींनी पुढे जे केलं ते त्याशिवाय कळणार नाही.

आपण ‘ब्रेक’ असा एकच शब्द वापरतो, पण गाडीतला ब्रेक एका काळातली वस्तू नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं ते १९०२ मध्ये. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला, आणि पुढची पन्नास वर्षं मोटारींवर राज्य केलं ते ड्रमने. पायाचा दाब तेलातून चाकापर्यंत नेणारी हायड्रॉलिक पद्धत अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये चारही चाकांना बसवली. इंजिनाच्या व्हॅक्यूमची मदत घेऊन पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो, म्हणजे आपल्या गॅरेजमधला ‘बूस्टर’, त्याच दशकात युरोपात आला. डिस्कला खरी प्रतिष्ठा मिळाली १९५३ मध्ये, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

मुंबईच्या रस्त्यावर हा क्रम वेगळ्या वेगाने आला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधून १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट निघू लागली. तिचंच नाव पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झालं. या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये झाली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे जगात डिस्क स्थिरावल्यावरही आपल्याकडे एक अख्खी पिढी ड्रमवर पाय ठेवून मोठी झाली.

ड्रम आणि डिस्क यांत एक महत्त्वाचा फरक आहे. ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या ब्रेक शूला स्वतःबरोबर ओढून घेतो, त्यामुळे शू आणखी घट्ट दाबला जातो. पायाच्या जोरात गाडी स्वतःच भर घालते. डिस्कमध्ये पॅड समोरून सरळ दाबतो, ही फुकटची मदत मिळत नाही. डिस्क तापली तरी लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडी होते, पण तिला पायाचा जोर जास्त लागतो. तो जोर बूस्टर देतो. थोडक्यात, डिस्क ब्रेक म्हणजे नुसता पॅड आणि डिस्क नव्हे. मागे बूस्टर नीट चालत असेल तरच ती जोडी काम करते.

मिस्त्रींनी नेमकं इथेच बोट ठेवलं. आधी इंजिन बंद असताना बाबांना पेडल चार-पाच वेळा दाबायला सांगितलं. पेडल दगडासारखं कडक झालं. मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करायला लावलं. बूस्टर चांगला असेल तर या क्षणी पेडल थोडं खाली जातं. आमचं हललंही नाही. बॉनेट उघडून त्यांनी इंजिनापासून बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप वाकवून दाखवला. जोडाजवळ बारीक चीर होती. व्हॅक्यूम तिथून गळत होता.

पेडल कसं लागतं यावरून बिघाड ओळखायची त्यांची रीत मी वहीत लिहून घेतली. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही: बूस्टर बघा, नाहीतर पॅडला तेल-ग्रीस लागलंय किंवा ते तापून गुळगुळीत झालेत. पेडल स्पंजासारखं मऊ: लाइनमध्ये हवा आहे. पाय ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली जातं: मास्टर सिलेंडरचं सील गेलंय. पहिल्यांदा खोल जातं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतं: मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट बघा. उतारावर तापल्यावरच मऊ होतं: ब्रेक ऑईल जुनं झालंय. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २०५ अंश सेल्सिअस हवा, पाणी मुरलेल्या तेलाचा १४० चालतो. खाडी आणि मिठागरांच्या हवेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग पॅडचा काहीच दोष नव्हता का? होता, थोडा. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने पुसावं लागतं. मग पॅड आणि डिस्क एकमेकांना ‘बसावे’ लागतात: मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हलकेच वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता, मध्ये थंड व्हायला वेळ देत, बऱ्याच वेळा. अशाने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढतो आणि मग पकड येते. आमच्या गाडीचं ते झालं नव्हतं. आधीच अशक्त असलेला ब्रेक नव्या पॅडमुळे काही दिवस आणखी कमी लागत होता. पाइप बदलला, डिस्क पुसल्या, पहाटे रस्ता मोकळा असताना पॅड बसवले. ब्रेक लागू लागला. पॅड ओरिजिनलच निघाले.

आता माझ्या प्रबंधाकडे येतो, कारण त्या दिवशी गाडीबरोबर माझं एक प्रकरणही दुरुस्त झालं.

मी लिहिलं होतं की पद्मिनी गेली, नव्या गाड्या आल्या आणि जुन्या मिस्त्रींचं कौशल्य कालबाह्य झालं. पुरावा काय? गॅरेजची जुनी बिलं. त्यात ब्रेक शू, व्हील सिलेंडर कमी होत जातात आणि पॅड, डिस्क वाढत जातात. बदल डोळ्यांना दिसत होता, म्हणून मी त्यालाच कारण केलं. बाबांनी पॅडबद्दल केलं तेच.

पण बिलावर फक्त बदललेली वस्तू येते. जी बदलली नाही ती बिलावर कधीच येत नाही. नव्या गाडीतही तेल, सील, रबरी पाइप आणि बहुतेक लहान गाड्यांत मागचे ड्रम तसेच राहिले. ड्रम, हायड्रॉलिक आणि व्हॅक्यूम या तिन्हींची जाण असलेला मिस्त्री म्हणूनच आजही अडलेली गाडी सोडवतो. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडलाय: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून लिहिला की वापरात टिकून राहिलेल्या जुन्या गोष्टी नजरेआड होतात. मी ते पुस्तक वाचलं होतं, सारांशही काढला होता. कळलं मात्र बॉनेट उघडल्यावर.

तुम्ही संशोधनाचा आराखडा लिहीत असाल तर मिस्त्रींचे तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा.

एक, बदलाच्या आधी परिस्थिती कशी होती? ‘आधी’चा पुरावा नसेल तर ‘मुळे’ हा शब्द वापरू नका.

दोन, या बदलाबरोबर काय बदललं नाही? तुमची कागदपत्रं त्याबद्दल गप्प असतील, तर ते विचारायला माणसांकडे जावं लागेल.

तीन, माझा अंदाज चुकीचा असेल तर ते कशावरून कळेल? मिस्त्रींकडे इंजिन सुरू करून पेडल बघायची एक मिनिटाची चाचणी होती. तुमच्या विषयात अशी चाचणी कोणती, हे पहिल्याच वर्षी शोधा.

माझं ते प्रकरण पुन्हा लिहून झालं, गाइडकडे गेलंय. बाबांनी मात्र पहिल्या गॅरेजवाल्याला फोन करून पॅड ओरिजिनल होते असं सांगितलं. मला वाटतं माझ्यापेक्षा त्यांची दुरुस्ती जास्त प्रामाणिक होती.