रुबी भाषेतील रेग्युलर एक्स्प्रेशन : नमुना आणि त्याचा शोध

मजकुरातून नेमका हवा तो भाग शोधण्यासाठी संगणकाला जो नमुना दिला जातो, त्याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. या संकल्पनेचे मूळ गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९५० च्या दशकातील लेखनात आहे. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिला मजकूर-शोधाचे व्यावहारिक रूप दिले. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये जगापुढे आणलेल्या रुबी या ऑब्जेक्ट ओरिएंटेड स्क्रिप्टिंग भाषेत मात्र हा नमुना स्वतःच एक 'ऑब्जेक्ट' असतो.

दोन तिरक्या रेघांमध्ये नमुना लिहिला की तो 'रेगएक्सप' या वर्गाचा ऑब्जेक्ट बनतो. रुबी प्रथम त्याची फोड करते, कंस, पर्याय व पुनरावृत्तीची चिन्हे ओळखते आणि त्यापासून शोधयंत्रासाठी सूचनांची मालिका तयार करते. कंस अपुरा राहिला, तर कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच चूक दाखवली जाते. नमुना चालत्या कार्यक्रमात स्ट्रिंगपासून घडवला असेल, तर तीच चूक ऐन वेळी उद्भवते.

शोधासाठी =~ हे चिन्ह वापरतात. जुळणी झाली तर ती कितव्या अक्षरापासून सुरू झाली तो आकडा मिळतो, अन्यथा 'निल'. मोजणी शून्यापासून होते. आता 'गाव: पुणे' या मजकुरात /पुणे/ शोधून पाहा. वाचक बोटांवर मोजून ४ म्हणेल. रुबी ५ सांगते! कारण 'गा' मधील काना ती स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजते. (१.८ आवृत्तीपर्यंत बाइट मोजले जात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्याने हेच उत्तर ११ येई.) अंकांसाठीचे प्रचलित लघुचिन्हही देवनागरी अंक ओळखत नाही, त्यासाठी [०-९] असे स्पष्ट लिहावे लागते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने या दोन गोष्टी आधीच ध्यानात ठेवलेल्या बऱ्या.

जुळणीचा तपशील हवा असेल तर 'मॅच' ही मेथड 'मॅचडेटा' ऑब्जेक्ट देते. 'सातारकर, नगरकर' या ओळीवर /(.+)कर/ चालवल्यास कंसात 'सातारकर, नगर' एवढा ऐवज सापडतो, कारण + हे चिन्ह स्वभावाने हावरे आहे. /(.+?)कर/ लिहिले की केवळ 'सातार' मिळते.

एक सापळा अनुभवी मंडळींनाही चकवतो. ^ आणि $ ही चिन्हे रुबीत संपूर्ण मजकुराची नव्हे, तर प्रत्येक ओळीची सुरुवात व शेवट दर्शवतात. त्यामुळे एका ओळीत बिनचूक क्रमांक आणि दुसऱ्या ओळीत घातक मजकूर अशी माहिती तपासणीतून सुखरूप निसटते. संपूर्ण मजकुरासाठी उलट्या तिरक्या रेघेनंतर मोठा 'ए' आणि छोटा 'झेड' हीच चिन्हे वापरावीत.

दुसरा धोका वेळेचा आहे. जुळणी फसली की शोधयंत्र मागे येऊन दुसरी वाट चाचपते. /(अ+)+$/ हा नमुना अनेक 'अ' आणि शेवटी एक 'ब' असलेल्या मजकुरावर लावला, तर एकेक 'अ' वाढताच वाटा जवळपास दुप्पट होतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर कोलमडली, ती अशाच एका नमुन्यामुळे. ती प्रणाली रुबीतील नव्हती, पण दुखणे तेच. डिसेंबर २०२२ मधील रुबी ३.२ ने फसलेल्या वाटा लक्षात ठेवण्याची सोय आणली आणि बहुतेक नमुने आटोक्यात आले. आधी सापडलेला भाग पुन्हा जुळवणाऱ्या नमुन्यांना मात्र ती लागू होत नाही. त्यांच्यासाठी याच आवृत्तीत 'टाइमआउट' ठरवण्याची सोय आहे. ती आपोआप सुरू नसते, मर्यादा प्रोग्रामरनेच घालायची असते.