धाराशिवचा इतिहास ऑनलाइन शोधताय? आधी जुनी नावं माहिती हवीत

२ सप्टेंबर २०२५ रोजी मराठा आरक्षणाबाबतचा शासन निर्णय निघाला आणि 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागला. खरा शब्द आहे गॅझेटियर. गॅझेट म्हणजे सरकारचं राजपत्र, तर गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाची शेती, लोकसंख्या, जाती, गावं यांची माहिती देणारा ग्रंथ. हैदराबाद संस्थानाचा १९०९ सालचा असा खंड 'इंटरनेट अर्काइव्ह'वर कुणालाही फुकट वाचता येतो. त्यात समाजांची माहिती आहे, पण कुणाच्या पणजोबांचं नाव नाही. कुटुंबाच्या नोंदीसाठी महसुली कागद आणि शाळेची जुनी रजिस्टरंच पाहावी लागतात.

हा खंड उघडून 'धाराशिव' शोधलं, तर मात्र निराशा होण्याची शक्यता जास्त.

कारण नावं बदलत गेली. जिल्हा आधी नळदुर्गच्या नावाने ओळखला जायचा. पुढे उस्मानाबाद आलं, ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून. २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झालं. इंग्रजांचं स्पेलिंग तर आणखी वेगळं. धाराशिवसाठी डी-एच-ए-आर-ए-एस-ई-ओ, म्हणजे 'धारासेओ', आणि नळदुर्गसाठी 'नलद्रुग' टाकून पाहावं लागतं.

दुसरी अडचण राज्यांची. सोलापूर, सातारा, पुण्याची तपशीलवार माहिती मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये मिळते. धाराशिव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे असल्याने त्या मालिकेत त्याचा स्वतंत्र खंड नाही. १९५१ ची जनगणनाही हैदराबाद राज्याच्या खंडांत शोधावी लागते. उलट, लातूरकरांना १९७२ चा उस्मानाबाद जिल्हा गॅझेटियर पाहावा लागतो, कारण लातूर जिल्हा वेगळा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला.

एक गंमत अशी की १८५३ ते १८६० या काळात हा भाग निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. त्यामुळे त्या वर्षांचे कागद 'फॉरेन डिपार्टमेंट'च्या फायलींत सापडू शकतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर त्यांची सूची शोधता येते. याच काळात नळदुर्गला अधिकारी होता कॅप्टन मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळे गाजलेला. त्याचं आत्मचरित्र १८७७ मध्ये आलं, त्यात नळदुर्गचे दिवस आहेत. 'तारा' या त्याच्या १८६३ च्या कादंबरीत तुळजापूर आहे. दोन्ही पुस्तकं ऑनलाइन आहेत. अर्थात, तो साहेबाच्या नजरेचा इतिहास, हे वाचताना विसरून चालत नाही.

जुन्या कागदांनी काय होऊ शकतं, हे पाहायचं तर तेर पाहावं. सुमारे २ हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर असल्याचा उल्लेख आहे. तिथून कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं. हे तगर कुठलं? कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असं मांडलं. लगेच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स तिथे गेले आणि खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेरवर लेख आला. हा सगळा वाद आज मोबाइलवर वाचता येतो. तेरच्या संग्रहालयात जाण्याआधी वाचला, तर तिथल्या वस्तू वेगळ्याच दिसतील.

पण छापलंय म्हणून खरंच, असं नाही. धाराशिवच्या लेण्यांची पाहणी करणाऱ्या जेम्स बर्जेस यांनी १८७८ च्या अहवालात ती जैन ठरवली. नंतरच्या अभ्यासकांचं मत असं की काही लेणी मुळात बौद्ध होती आणि पुढे जैनांनी वापरली. इंटरनेटवर दोन्ही मतं फिरतात, वर्ष न सांगता.

शोधताना पुस्तकाच्या आतला सर्च फसवा असतो. स्कॅन केलेली अक्षरं संगणक चुकीची वाचतो, त्यामुळे 'सापडलं नाही' आलं तरी शेवटची शब्दसूची उघडून डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

आणि एवढं करूनही हाती लागतो तो बहुतांश इंग्रजीतला इतिहास. निजामाचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चालायचा, गावपातळीवरचे कितीतरी कागद मोडीत आहेत. ते स्कॅन झाले तरी वाचणारी माणसं लागतात.