दोन वर्गांचं एक वाक्य

न्यायालयाच्या बातम्यांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘हे प्रकरण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वर्ग करण्यात आले.’ एकाच वाक्यात दोन वर्ग. पहिला पायरीचा, दुसरा पाठवणीचा. तरी कुणी अडखळत नाही. साहेबांची बदली होते, खटला मात्र वर्ग होतो. खात्यातली रक्कमही वर्गच होते, तिची बदली झाली असं कुणी म्हणत नाही.

शाळेतला वर्ग, कवर्ग-चवर्ग, मध्यमवर्ग, सगळीकडे वर्ग म्हणजे गट. मग त्यात हे ‘पाठवणं’ कुठून शिरलं? मला वाटतं, जमाखर्चाच्या वहीतून. एका सदराखालची रक्कम उचलून दुसऱ्या सदराखाली मांडली की तिचा वर्ग बदलला. रक्कम तीच, घर नवं. खटल्याचंही तसंच : आरोपी तोच, कागद तेच, फक्त बस्ता दुसऱ्या टेबलावर.

शब्दाच्या मुळाशी गेलं तर आणखी गंमत. संस्कृतातला ‘वृज्’ धातू वळवणं, बाजूला काढणं या अर्थाचा. वर्ग त्याचाच, आणि वर्ज्यही त्याचाच. वेगळं काढलं तो वर्ग, टाळायचं ते वर्ज्य. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चं कलम ३२२ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३६१) या दोन भावंडांना एकत्र आणतं. सुनावणी चालू असताना पुराव्यावरून दंडाधिकाऱ्याला दिसलं, की हा खटला चालवायचा आपल्याला अधिकारच नाही, तर त्याने कामकाज थांबवायचं आणि थोडक्यात अहवाल जोडून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा ते सांगतील त्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. आपल्याला जे वर्ज्य, ते वर्ग.

असा अधिकार नसण्याला आपण सरसकट ‘हद्दीबाहेरचं’ म्हणतो. हद्द अरबी, हद्दपार या शब्दात तिला आपला ‘पार’ जोडला, आणि कुणी फारच ताणलं तर ‘हद्द झाली!’ म्हणायला ती हाताशी असतेच. पण हद्द ही जमिनीवरची रेघ. कायद्यातल्या ‘ज्युरिस्डिक्शन’मध्ये जमीन नाहीच, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कायदा ‘बोलणं’. गुन्हा अगदी कोर्टाच्या दारात घडला, तरी तो सत्र न्यायालयानेच चालवायचा असेल, तर हद्द असूनही दंडाधिकाऱ्याला निकाल बोलता येत नाही. म्हणून ‘अधिकारिता’ हा शब्द कितीही कोरडा वाटला तरी मला तोच नेमका वाटतो.

कोर्टातली मराठी या बाबतीत बातमीदारांपेक्षा काटेकोर आहे. अधिकार नसलेल्या दंडाधिकाऱ्यापुढे कुणी लेखी फिर्याद आणली, तर तो योग्य न्यायालयात नेण्यासाठी शेरा मारून ती ‘परत’ करतो. सत्र न्यायालयाच्याच कक्षेतला खटला तिकडे ‘सुपूर्द’ होतो. हा फारसी शब्द, हवाली करण्याचा. आणि एका दंडाधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातो तो ‘वर्ग’. तिन्हींत कागद हलतात, पण पहिल्यात ते फिर्यादीलाच वाहून न्यावे लागतात.

जाता जाता एक. मॅजिस्ट्रेट आणि मास्तर दोघेही लॅटिन ‘मॅजिस्टर’चे वंशज. त्यामुळे वर्ग दोघांच्याही वाट्याला आला, यात नवल नाही. १८९८ च्या संहितेत तर तिसऱ्या वर्गाचेही मॅजिस्ट्रेट होते. १९७३ च्या संहितेत तो वर्ग बंद झाला.

पाठवणीचा ‘वर्ग’ पोलीस ठाण्यात गेला की त्याला वेगळाच रंग चढतो. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी तक्रार नाकारायची नाही. ‘शून्य क्रमांकाने’ नोंदवायची आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग करायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूदच आली आहे. गणितात शून्याचा वर्ग शून्यच. इथे मात्र शून्य वर्ग झालं, की पलीकडच्या ठाण्यात त्याला खरा क्रमांक मिळतो.