पायांखालची लाकडी जमीन

व्हर्सायचें वैभव पाहणाऱ्यांची दृष्टि बहुधा छताकडे लागते; पायांखालच्या जमिनीचा इतिहास उपेक्षितच राहिला आहे. तेथील संगमरवरी फरशी वारंवार धुवावी लागे आणि झिरपलेल्या पाण्यानें खालच्या तुळया कुजत. म्हणून इ. स. १६८४ च्या सुमारास तिच्या जागीं ओकच्या फळ्यांची चौकटबंद जमीन घालूं लागले.

पण लाकडासहि पाण्याचें वावडेंच! तें फुगतें, सांधे सुटतात. सबब धुण्याऐवजीं मेण लावावयाचें व पायांस ब्रश बांधून तें घासावयाचें. या कामास ‘फ्रोतर’ नांवाचे नोकर असत. पाहणारास तें नृत्य वाटावें. करणाराच्या पोटऱ्यांस विचारावें!

पुढें पॅरिसच्या धनिकांच्या घरींहि अशी जमीन आली. ती मधूनमधून तासून काढावी लागे. गुडघे टेकून, उघड्या अंगानें ती तासणाऱ्या तिघां मजुरांचें चित्र गुस्ताव्ह कायबोत यानें १८७५ मध्यें काढलें. सरकारी ‘सालों’ प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं तें नाकारलें. विवस्त्र देवतांची चित्रें मानानें टांगणाऱ्या त्या प्रदर्शनांत मजुराच्या उघड्या पाठीस मात्र जागा नव्हती! १८७६ मध्यें इंप्रेशनिस्टांनीं तें आपल्या दुसऱ्या प्रदर्शनांत लावलें. आतां तें ओर्से संग्रहालयांत आहे: भोंवतीं लाकडाच्या साली पसरल्या आहेत, आणि कडेला मद्याची बाटली व एक पेला.