रेड नदीचा वसंतपूर

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवरून, व पुढे कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातून वाहणाऱ्या रेड नदीला हिवाळा सरताना बर्फ वितळून येणारा पूर. पूर म्हटला की मराठी माणसाला आषाढ-श्रावणातली झड आठवते. हा पूर मात्र चैत्राच्या सुमारास आणि कित्येकदा लख्ख उन्हात चढतो.

रेड नदी उत्तरवाहिनी आहे, आणि सारी अडचण तिथूनच सुरू होते. दक्षिणेकडे ऊब आधी येते, तिथले बर्फ पाणी होऊन निघते. पुढे उत्तरेला पात्र अजून गोठलेलेच असते. हिमाच्या लाद्या अडकून कोंडी होते, मागचे पाणी फुगते. जमीनही गोठलेली, त्यामुळे ते मुरत नाही. शिवाय हा प्रदेश म्हणजे हिमयुगाच्या अखेरीस पसरलेल्या अगासी सरोवराचा गाळाचा तळ, परातीसारखा सपाट. काठ ओलांडलेले पाणी मैलोन्‌मैल पसरते आणि लवकर हटत नाही.

१९९६-९७ च्या हिवाळ्यात नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स शहराच्या परिसराला आठ हिमवादळांनी झोडपले. 'ग्रँड फोर्क्स हेरल्ड' हे स्थानिक दैनिक प्रत्येक वादळाचे बारसे करी. एप्रिलच्या आरंभी आलेल्या शेवटच्या वादळाचे नाव 'हॅना'. नदी ४९ फुटांपर्यंत चढेल, असा हवामान खात्याचा अंदाज होता. असा एक आकडा लोकांच्या मनात किती घट्ट बसतो, हे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी फूट-इंचांत विचारणाऱ्या कोल्हापूरकराला सांगायला नको. त्या ४९ फुटांवर थोडी भर धरून बांध उंचावले गेले, वाळूची पोती रचली गेली. १८ एप्रिलला बांध हरू लागले. २२ एप्रिलला पाणी ५४.३५ फुटांवर होते.

इशारा वेळेवर मिळाला होता. पण अंदाज किती फुटांनी हुकू शकतो, हे पुरेसे ठसवलेच गेले नव्हते. सुमारे ५०,००० वस्तीचे शहर जवळजवळ पूर्ण रिकामे करावे लागले. १९ एप्रिलला बुडालेल्या बाजारपेठेत आग लागली. सगळीकडे पाणीच पाणी, आणि तरी ११ इमारती जळाल्या! 'हेरल्ड'ची कचेरीही त्यात गेली. अंक मात्र निघतच राहिला, आणि १९९८ मध्ये त्या दैनिकाला लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

प्रवाहाच्या खालच्या अंगाला, मॅनिटोबात असलेल्या विनिपेग शहराने धडा आधीच घेतला होता. १९५० च्या पुरात तिथले सुमारे एक लाख लोक घरे सोडून गेले होते. पुढे मॅनिटोबाचे मुख्यमंत्री झालेल्या डफ रॉब्लिन यांनी शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा पूरकालवा १९६२ ते १९६८ या काळात खोदून घेतला. खर्चावरून चिडलेल्यांनी त्याला 'डफचा चर' म्हणून हिणवले. १९९७ मध्ये याच चराने विनिपेग मोठ्या हानीतून वाचवले. दक्षिणेकडचे सेंट अगाथे हे गाव मात्र बुडाले.

ग्रँड फोर्क्समध्ये नदीलगतची लिंकन पार्क ही वस्ती पुन्हा उभारली गेली नाही. नवे बांध मागे सरकवून तिची जमीन नदीकाठच्या हरितपट्ट्यात सामील करण्यात आली.