धुऱ्यापासून सतरा पावलं

मे महिन्याचे पहिले दिवस. बाभूळगाव तालुक्यातल्या या वावरातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत, वखराची एक पाळीही झाली आहे. तुम्ही सकाळी सहापासून चालताय. दांड्याच्या टोकाची चकती जमिनीपासून चार बोटं वर धरायची, डावीकडून उजवीकडे न्यायची, पुन्हा डावीकडे आणायची. कानात आतापर्यंत जे वाजलं ते सगळं ओळखीचं निघालं: बैलाचा नाल, खिळे, बाटल्यांची झाकणं, वखराच्या पासेचा गंजलेला तुकडा. वावर ज्यांचं आहे ते काका धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून तुमच्याकडे बघतायत. त्यांनी परवानगी दिली म्हणून तुम्ही इथे आहात.

आणि मग मेटल डिटेक्टर वेगळा वाजतो. उंच, स्वच्छ सूर. लोखंडाचा हा सूर नव्हे.

तुम्ही गुडघ्यावर बसता आणि घाईघाईने खुरपं घालता. वीतभर खाली, काळ्या मातीच्या चिकट गोळ्यात, काहीतरी अर्धचंद्राकृती. मूळची वस्तू तळहाताएवढी गोल असावी. आता अर्धीच उरली आहे, तुटलेली कड वेडीवाकडी. वर हिरवट कळकट थर. कडेला, तुटलेल्या भागाजवळ, एक छिद्र.

काका उठून येतात. तुमच्या हातातलं बघतात आणि क्षणभरही न थांबता म्हणतात, “हे तं बैलाच्या गयातलं होय, भाऊ. चिंच लावून घासा, चकचक होते.”

तुम्ही मान हलवता, पण मनात म्हणता, काकांना काय ठाऊक. हे पदक आहे. जुनं, फार जुनं.

चिंच मात्र लावू नका. काकांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण आंबटाने हिरवा थर जातो आणि थराबरोबर वरची नक्षी जाते, अक्षरांच्या कडा जातात. ओली माती हलक्या हाताने काढा, सावलीत वाळू द्या, तिरप्या उजेडात धरा. बाकी सगळं नंतर.

तुम्ही मूठ मिटता.

ऊन तसंच आहे, पण हवेत धूर आहे. इथून फार लांब नसलेल्या पाचखेडला तुम्ही उभे आहात, सुमारे 3,000 वर्षांपूर्वीच्या. आज गावाबाहेर टेकाड आहे तिथे अजून टेकाड नाही, वस्ती आहे. समोर एक गोल घर. ठरावीक अंतरावर रोवलेले लाकडी खांब, त्यांच्यामधल्या बोरूच्या कुडावर लिंपलेला चिखल. तुम्ही वाकून आत जाता. पायाखाली चुन्याची पांढरी जमीन थंड लागते. चुलीत निखारे आहेत, शेजारी मडकी. एका मुलीच्या गळ्यात रंगीत दगडाचे मणी आहेत, आणि दाराशी बसलेला माणूस लोखंडाच्या पात्याला धार लावतोय.

नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाने 2023-24 मध्ये डॉ. प्रबाश साहू यांच्या नेतृत्वाखाली पाचखेडचं टेकाड खणलं, तेव्हा माणसांच्या वावराचा 8.73 मीटर जाडीचा थर हाती लागला. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहन काळ, त्यावर मध्ययुग आणि सगळ्यात वर निजामाचा काळ, जेव्हा त्या उंचवट्याचा उपयोग टेहळणीसाठी होत होता. नमुने दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरला गेले आणि तिथून वय आलं. आपल्याकडे शेताला ‘काळी’ आणि जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पांढरी ही राख, चुना, शेण आणि पडक्या भिंती यांची माती. शेकडो वर्षं माणसं जिथे राहिली तिथेच ती होते.

बाहेर घोडा फुरफुरतो. तुमच्या मनात आशा जागी होते, कारण नागपूरजवळच्या माहुरझरीला त्याच काळातल्या शिळावर्तुळांखाली घोडे पुरलेले सापडले आणि त्यांच्या तोंडावर घालायचे तांब्याचे अलंकारही. हे तसंच काही असेल का? तुम्ही मूठ उघडता, तुकडा त्या माणसापुढे धरता. तो तुकडा घेतो, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून कडेने फिरवतो. पुन्हा फिरवतो. मग परत देतो.

त्याला जे जाणवलं ते आता तुम्हालाही जाणवतं. पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा आहे. हातोडीने ठोकून वाढवलेला पत्रा असा नसतो. तो मध्ये जाड, कडेला पातळ असतो, बोटाखाली लाटा लागतात. हा लाटून काढलेला आहे, यंत्राच्या रुळांतून.

इथेच खरं तर शोध संपायला हवा होता. पण जुनं सापडलंय या इच्छेचा जोर फार असतो. तुम्ही सातवाहनांकडेही डोकावता. 1939 साली शेजारच्या, आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळ्याला त्यांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि भोवती राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची, पोटीनची, नखाएवढी नाणी. तुमचा अर्धा तुकडाच त्यांच्या कितीतरी पट आहे. हत्ती नाही, सोंड नाही. परत या.

मग 1818चा एप्रिल. याच जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळच्या शिवणीला पहाट होतेय. दुसरा बाजीराव नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना मिळायच्या आशेने इकडे आला आहे आणि कर्नल अॅडम्सची फौज त्याच्यावर येऊन पडते. धूळ, उंटांचं ओरडणं, तंबूच्या दोऱ्यांत अडकणारे पाय. एका घोडेस्वाराच्या छातीवरच्या पट्ट्यावर काहीतरी गोल चमकतं, तुम्ही त्याच्यामागे धावता. त्या चकतीवर हातोडीचे ठोके तुम्हाला लांबूनही दिसतात.

तुम्ही थांबता. दम लागलाय. बाभळीच्या सावलीत काकांनी गाडग्यातलं पाणी पुढे केलंय. तुकडा एव्हाना वाळला आहे. तुम्ही तो उन्हात तिरपा धरता आणि पहिल्यांदा नीट बघता. मागच्या बाजूला दोन ठिकाणी डाग दिल्याच्या खुणा, पट्टा ओवायच्या कड्या जिथे असतात तिथे. पुढच्या बाजूला कडेलगत खोदलेली इंग्रजी अक्षरं: एक डब्ल्यू, त्यापुढे एक ओ. त्यापुढे तूट.

आणि त्या ओच्या मधोमध ते छिद्र. हे आधी कसं दिसलं नाही? ज्याने पदक घडवलं तो स्वतःच्याच अक्षराला भोक पाडणार नाही. छिद्र नंतरचं आहे, दुसऱ्या माणसाचं, ज्याच्या लेखी ते अक्षर उरलं नव्हतं.

आता ऊन पुन्हा बदलतं आणि या वेळी तुम्हाला कुठे जायचं ते ठाऊक आहे. धामणगावचा रस्ता. सरकी आणि बैलांच्या घामाचा वास. नागपूरची आगगाडी 1867 पासून धामणगावावरून जाते, यवतमाळला अजून रूळ नाहीत, म्हणून जिल्ह्याचा कापूस बैलबंड्यांतून बाभूळगाववरून तिकडे निघालाय. बंड्यांच्या रांगेशेजारून एक माणूस झपाझप चालतोय. डोक्याला पागोटं, खांद्यावरून छातीवर आडवा पट्टा, पट्ट्यावर पितळेची घासून लखलखीत केलेली गोल चकती. बंडीवाले त्याच्याकडे बघून बैल बाजूला घेतात. त्याच्याकडे नव्हे, चकतीकडे बघून.

ही चपरास. डावं-उजवं अशा अर्थाच्या फारसी जोडशब्दापासून आलेला शब्द. तिच्यावरून तो चपराशी, आणि पट्ट्यावरून मुंबईकडे पट्टेवाला. आपण चपराशी हा शब्द रोज वापरतो आणि त्यातली चपरास कधीच विसरून गेलो. हुकूम वाचता न येणाऱ्या गावाला ही चकती वाचता यायची. डेप्युटी कमिशनर साहेबांचा कागद घेऊन आलेला माणूस खरा की खोटा, ते तिच्यावरून ठरायचं.

तुम्ही त्याच्याजवळून चालता आणि वाचता. डब्ल्यू, ओ, ओ, एन. वून. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि 1864 मध्ये हा जिल्हा वेगळा काढला गेला. वणी गावावरून साहेब त्याला वून म्हणायचे, लिहायचेही तसेच. कचेरी मात्र यवतमाळला. 1905 साली जिल्ह्याचं नावही यवतमाळ झालं.

म्हणजे 1905 नंतर या चकतीने कोणालाही बाजूला सरायला लावलं नसतं.

रस्ता वळतो आणि पोळा येतो. बैल धुऊन झालेत, शिंगं रंगवून झालीत, पाठीवर झूल आहे. अंगणात एक पोरगा अर्धी तुटलेली पितळेची चकती दगडावर ठेवून खिळ्याने भोक पाडतोय. ती कशी तुटली, त्याच्या घरी कशी आली, हे तो सांगत नाही आणि तुम्ही विचारत नाही. खिळा ओच्या पोटात बसतो, कारण तिथे खोदलेल्या रेघेमुळे टोक घसरत नाही. मग तो चकती घुंगरांच्या माळेत ओवतो आणि बैलाच्या गळ्यात घालतो. बैल मान हलवतो. पितळेवर घुंगरू वाजतं. चकतीवर जिल्ह्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं आहेत.

पुढच्या कुठल्यातरी हंगामात, वखरणी करताना, दोरा झिजून ती इथे पडली असणार.

“काका,” तुम्ही म्हणता, “तुम्ही म्हणालात तेच खरं.”

“मंग?” काका हसतात. “आमच्याइथं पोयाले असंच बांधत. मायी आजी जुने पैसेबी ओवे.”

तुमची चपराशीही खरी आणि त्यांचा बैलही खरा. तुकडा दोघांचा आहे. जोवर तुम्ही फक्त पहिला मालक शोधत होता तोवर दुसरा तुम्हाला दिसलाच नाही, आणि तो तर समोर बसून पाणी देत होता.

आता उरलेलं काम. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते. 1878चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि पाचखेडसारख्या टेकाडावर हे यंत्र घेऊन कधीच जायचं नाही. तिथला मणी त्याच्या थरातून उपटला की तो कोणत्या घरातला, कोणत्या चुलीजवळचा, हे कुठलीही प्रयोगशाळा परत सांगू शकत नाही. मला या यंत्राचा राग नाही. घाईचा आहे. एका वीतभर खड्ड्यासाठी माणसं 3,000 वर्षांचं घर फोडतात, आणि मग हातातल्या वस्तूला विचारत बसतात की तू कोण.

तुम्ही तुकडा कागदाच्या पुडीत ठेवता. जिल्हाधिकारी, यवतमाळ, असा अर्ज लिहायला घेता. साहेबांची चपरास साहेबांच्याच कचेरीत चालली आहे. अर्जात वस्तू लिहून होते, तारीख लिहून होते. ठिकाण लिहिताना हात थांबतो. नेमकं कुठे? तुम्ही मागे बघता. सगळीकडे सारखीच ढेकळं, आणि तुमचा खड्डा तुम्हीच पायाने बुजवलाय.

काका उठतात. चपला काढून ठेवतात, धुऱ्याच्या दगडाला टाच लावतात आणि वावरात चालू लागतात, मोठ्याने पावलं मोजत. सतराव्या पावलाला थांबून खाली बघतात.

“इथं होतं, भाऊ. माती अजून ओली हाये.”